सामायिक युनिक्स सर्व्हरवरील टपाल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात याच सदरात सामुदायिक युनिक्स सर्व्हरांचा थोडक्यात परिचय करून दिला होता. एखादा हौशी गट किंवा स्वयंसेवी संस्था एक संगणक इंटरनेटवर सतत चालू ठेवते, अनेक लोकांना त्यावर स्वतंत्र खाती देते, आणि प्रत्येक जण आपापल्या घरून एसएसएच या सुरक्षित दूरप्रवेशाच्या प्रोग्रॅमने त्यात प्रवेश करून लेखन, प्रोग्रामिंग, पत्रव्यवहार अशी कामे करतो, असे त्याचे स्वरूप असते. १९८७ पासून चालत आलेली आणि आज नेटबीएसडी या युनिक्स घराण्यातील संगणकप्रणालीवर चालणारी एसडीएफ ही अशा संस्थांपैकी जुनी आहे. पॉल फोर्ड यांनी २०१४ साली टिल्ड क्लब सुरू केला, आणि त्यानंतर अशा लहान सर्व्हरांची एक नवी पिढीच उभी राहिली. त्या मजकुरावर आलेली बहुतेक पत्रे ईमेलविषयी असल्यामुळे या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत. आज्ञांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत, परंतु प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकावीत.

फर्मागुडी येथे अभियांत्रिकी शिकणारी एक विद्यार्थिनी : मला अशा एका सर्व्हरवर नुकतेच खाते मिळाले. दुसऱ्या दिवशी प्रवेश करताच ‘तुम्हाला टपाल आले आहे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ पडद्यावर उमटली. मी माझा पत्ता कुणालाही दिलेला नव्हता. हे टपाल कुठून आले, ते कुठे साठते आणि वाचायचे कसे? घरच्या माणसांना हा पत्ता दिला तर त्यांचे पत्र मला मिळेल का?

तुम्हाला आलेले पहिले पत्र बहुधा व्यवस्थापकाने नव्या सभासदांसाठी ठेवलेले स्वागतपत्र असेल, आणि तसे असेल तर ते इंटरनेटवरून प्रवास करून आलेले नाही. एकाच यंत्रावरील एका खात्यातून दुसऱ्या खात्यात टाकलेले पत्र हा ईमेलचा सर्वांत जुना प्रकार आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत सीटीएसएस या सामायिक प्रणालीवर १९६५ साली अशी सोय झाली होती, आणि नोव्हेंबर १९७१ मधील युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही ‘मेल’ ही आज्ञा आढळते. रे टॉमलिन्सन यांनी त्याच १९७१ साली जाळ्यावरून एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात पत्र धाडले आणि वापरकर्त्याचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ चिन्ह घातले. तुमच्या सर्व्हरवर हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी नांदतात: त्याच सर्व्हरवरील मैत्रिणीला लिहिताना ‘मेल’ या आज्ञेपुढे तिचे केवळ खातेनाव लिहिले तरी पुरते, बाहेरच्या माणसाला लिहिताना मात्र पूर्ण पत्ता द्यावा लागतो.

पुष्कळ सर्व्हरांवर आलेले टपाल ‘व्हार’ या डिरेक्टरीतील ‘मेल’ या उपडिरेक्टरीत, तुमच्याच खातेनावाच्या एका साध्या मजकूर-फाइलमध्ये साठते. सर्व पत्रे त्या एकाच फाइलमध्ये एकाखाली एक लिहिलेली असतात, आणि ‘फ्रॉम’ हा शब्द व त्यापुढे एक रिकामी जागा यांनी सुरू होणारी ओळ आली की तेथून नवे पत्र सुरू झाले असे समजले जाते. या मांडणीला एमबॉक्स म्हणतात. काही सर्व्हर मेलडिर ही पद्धत वापरतात, तीत प्रत्येक पत्राची स्वतंत्र फाइल असते. पडद्यावर उमटलेली ती ओळ म्हणजे शेलने, अर्थात तुमच्या आज्ञा वाचून पाळणाऱ्या प्रोग्रॅमने, टपालाची फाइल बदललेली पाहून दिलेली वर्दी होय, आणि बॅश हे शेल वापरत असाल तर ते एरवी दर मिनिटाच्या अंतराने ही पाहणी करते.

वाचण्यासाठी नुसते ‘मेल’ असे टंकून एंटर दाबल्यास पत्रांची क्रमांकवार यादी दिसेल, आणि क्रमांक टंकल्यास ते पत्र उघडेल. येथे एक गोष्ट आधीच सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्यामुळे नवे लोक घाबरतात. या आज्ञेच्या पुष्कळ आवृत्त्यांत ‘क्यू’ हे अक्षर देऊन बाहेर पडल्यास वाचलेली पत्रे मूळ पेटीतून उचलली जाऊन तुमच्या खात्याच्या स्वतःच्या, म्हणजे होम डिरेक्टरीतील ‘एमबॉक्स’ नावाच्या फाइलमध्ये जातात. पत्रे हरवलेली नसतात, त्यांची केवळ जागा बदललेली असते. सर्व काही आहे तसेच ठेवून बाहेर पडायचे असल्यास ‘एक्स’ द्यावे.

रोजच्या वापरासाठी मी तुम्हाला अल्पाइन सुचवीन. वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेल्या पाइन या प्रोग्रॅमचा हा वारस आहे, आणि कोणत्या वेळी कोणती कळ दाबायची हे त्याच्या पडद्याच्या तळाशी सतत लिहिलेले असते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, त्या काळात ज्यांनी शेल खाते घेतले त्यांच्यापैकी अनेकांनी आपले पहिले ईमेल पाइनमध्येच वाचले, आणि आज तुमच्या पिढीतील कुणी पुन्हा त्याच पडद्यापाशी येते आहे याचा मला मनापासून आनंद वाटतो. हात बसल्यावर मट हा प्रोग्रॅमही पाहावा. तो अधिक वेगवान आहे, परंतु त्याची सेटिंग्ज स्वतः लिहावी लागतात.

घरच्यांचे पत्र मिळेल का, याचे उत्तर तुमच्या सर्व्हरच्या नियमांवर अवलंबून आहे. काही सामुदायिक सर्व्हरांनी टपाल मुद्दाम आपल्या यंत्रापुरते मर्यादित ठेवले आहे, तर काही ठिकाणी बाहेर पत्र पाठवण्याची मुभा ओळख पटल्यानंतर किंवा वर्गणी भरल्यानंतरच मिळते. सर्व्हरची मदतपाने वाचावीत, आणि मग घरच्यांपैकी कुणाला तरी एक चाचणीपत्र पाठवायला सांगावे.

मडगाव येथील एक सेवानिवृत्त शिक्षक : माझा मुलगा आखातात नोकरीला आहे. सामायिक सर्व्हरवरून मी त्याला लिहिलेली पत्रे त्याच्या जीमेलमध्ये स्पॅम म्हणून बाजूला पडतात. उत्तर माझ्या नेहमीच्या पेटीत यावे म्हणून मी प्रेषकाच्या जागी माझा जीमेलचा पत्ता घालतो. पत्रात घरगुती मजकुराखेरीज काहीही नसते. मग हा अविश्वास कशासाठी?

सर, आपल्या प्रश्नातच त्याचे कारण आलेले आहे. प्रेषकाच्या जागी आपण जीमेलचा पत्ता घालता, पण पत्र मात्र जीमेलच्या यंत्रांवरून निघत नाही. १९८२ साली जॉन पोस्टेल यांनी लिहिलेल्या एसएमटीपी या टपालनियमावलीत प्रेषकाची खातरजमा करण्याची कोणतीही तरतूद नव्हती, आणि कुणीही कुणाच्याही नावाने पत्र पाठवू शकत असे. परस्परांना ओळखणाऱ्या संशोधकांच्या जगात ते चालून गेले. पुढे फसवणुकीचे टपाल वाढले तेव्हा जुन्या नियमावलीवर तीन पडताळण्या चढवण्यात आल्या, आणि आपले पत्र आता त्या तिन्हींतून जाते.

पहिली पडताळणी एसपीएफची. प्रत्येक डोमेनचा, म्हणजे पत्त्यातील ‘ॲट’ चिन्हापुढच्या नावाचा, मालक डीएनएस या इंटरनेटवरील नावांच्या सार्वजनिक नोंदवहीत जाहीर करतो की आमच्या नावाचे टपाल केवळ अमुक यंत्रांवरूनच निघेल. दुसरी डीकेआयएमची. पाठवणारा सर्व्हर पत्रावर एक गणिती स्वाक्षरी करतो आणि ती तपासण्याची किल्ली डीएनएसमध्ये सर्वांसाठी खुली ठेवतो. तिसरी डीमार्क. पत्रावर दिसणारा प्रेषकाचा पत्ता वरील दोहोंपैकी एकाशी तरी जुळतो का ते ती पाहते, आणि जुळत नसेल तर पत्राचे काय करावे याविषयी डोमेनच्या मालकाची सूचना सांगते. आपल्या पत्रावर जीमेलचे नाव, पण निघण्याचे ठिकाण सामायिक सर्व्हर, आणि जीमेलची स्वाक्षरी नाही, म्हणजे मजकूर कितीही सालस असला तरी यंत्राच्या दृष्टीने ते दुसऱ्याच्या नावाने लिहिलेले पत्र ठरते. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने जीमेलकडे टपाल पाठवणाऱ्या सर्वांसाठी एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी आवश्यक केले आहे, आणि दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना तर तिन्हींची सक्ती आहे.

उपाय सोपा आहे. प्रेषकाच्या जागी सामायिक सर्व्हरवरचा आपला खरा पत्ता राहू द्यावा आणि ‘रिप्लाय-टू’ या ओळीत जीमेलचा पत्ता लिहावा. मुलगा उत्तर देईल तेव्हा ते आपोआप जीमेलकडे जाईल, आणि पत्र मात्र खऱ्या नावाने निघालेले असेल. अल्पाइनमध्ये सेटिंगच्या पडद्यावर स्वतःच्या शीर्षओळी लिहिण्याची सोय आहे, तेथे ही ओळ एकदा भरली की पुन्हा पुन्हा भरावी लागत नाही. शिवाय मुलाने आपला नवा पत्ता त्याच्या संपर्कयादीत घालावा आणि आधीच बाजूला पडलेली पत्रे ‘स्पॅम नाही’ असे सांगून परत आणावीत.

याच संदर्भात आणखी एका सवयीविषयी लिहितो, कारण तीन पत्रलेखकांनी ती आपणहून सांगितली आहे. होम डिरेक्टरीत ‘डॉट फॉरवर्ड’ नावाची फाइल करून तीत जीमेलचा पत्ता लिहिला की सर्व्हरवर येणारे सर्व टपाल पुढे रवाना होते. ही सोय जुनी आणि सुंदर आहे, परंतु वरील पडताळण्यांच्या काळात ती दोन प्रकारे अडचणीची झाली आहे. बँकेचे पत्र आपल्या सर्व्हरमार्गे जीमेलकडे गेले की जीमेलच्या नजरेत ते बँकेच्या यंत्रावरून न येता एका अनोळखी यंत्रावरून आलेले असते, त्यामुळे एसपीएफ तेथे मोडते. मजकूर जसाच्या तसा राहिला तर डीकेआयएमची स्वाक्षरी टिकते, पण प्रत्येक पाठवणारा ती करतोच असे नाही. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. आपल्या पेटीत येणारे सारे स्पॅमसुद्धा पुढे जाते, आणि ते पाठवणारा म्हणून आपल्याच सर्व्हरची नोंद होते. त्यापेक्षा सर्व्हरवर आयमॅपची, म्हणजे तेथील पेटी दुसऱ्या यंत्रातून वाचण्याची, सोय असल्यास फोनमधील थंडरबर्डसारख्या ॲपमध्ये हे खाते दुसरे खाते म्हणून जोडावे. त्यासाठी बहुधा आयमॅपचा ९९३ आणि पत्र पाठवण्याचा ५८७ किंवा ४६५ हे पोर्ट क्रमांक लागतात.

चोडण येथील एका नाट्यमंडळाचे कार्यवाह : आमच्या उत्सवी नाटकाचे निमंत्रण सुमारे तीनशे पत्त्यांवर पाठवायचे आहे. सर्व्हरवर एक छोटी स्क्रिप्ट लिहून एकाच रात्रीत सर्वांना पाठवण्याचा विचार आहे. काही हरकत आहे का?

हरकत आहे, आणि ती मी स्पष्टपणे सांगतो. मोठ्या टपालसेवा पत्रे तपासताना पाठवणाऱ्या यंत्राच्या आयपी पत्त्याची आणि त्याच्या डोमेनची पत जोखतात, आणि सामायिक सर्व्हरवर ही पत सर्व सभासदांत एकच असते. आपल्या बेटावरील खाजन शेतीत एका जागी बांध फुटला की खारे पाणी ज्याचा बांध फुटला त्याच्याच कुणग्यात थांबत नाही, तसे येथे होते. आपल्या तीनशे पत्त्यांपैकी पन्नास बंद पडलेले निघाले, दहा जणांनी निमंत्रणाला स्पॅम ठरवले, तर दुसऱ्या दिवशी त्या सर्व्हरवरील एखाद्या विद्यार्थ्याचा नोकरीचा अर्जसुद्धा बाजूला पडू शकतो. स्पॅमहाउससारख्या संस्थांच्या काळ्या यादीत आयपी पत्ता गेला तर तो बाहेर काढण्यासाठी व्यवस्थापकाला, जो बहुधा आपला पगारी व्यवसाय सांभाळून हे काम करतो, स्वतःचा वेळ घालवावा लागतो. म्हणूनच अनेक सर्व्हरांवर एका दिवसात किती पत्रे पाठवता येतील यावर मर्यादा असते, आणि ती चुकवून जाण्याच्या वाटा शोधू नयेत.

निमंत्रण पाठवायचेच असेल तर आधी व्यवस्थापकांना लिहून परवानगी घ्यावी, आणि ज्यांच्याशी मंडळाचा खरोखर पत्रव्यवहार आहे अशांनाच थोड्या थोड्या संख्येने पाठवावे. पत्ते ‘सीसी’मध्ये न लिहिता ‘बीसीसी’मध्ये लिहावेत, म्हणजे एका रसिकाचा पत्ता दुसऱ्याच्या हाती जाणार नाही. उरलेल्यांसाठी अशा कामाकरिताच असलेली एखादी सेवा घ्यावी. नाटकाला माझ्या शुभेच्छा आहेत.

म्हापसा येथील एक वाचक : मराठीत लिहिलेले पत्र मला मिळते तेव्हा पडद्यावर कधी प्रश्नचिन्हे, कधी चौकोन, तर कधी बरोबरीची चिन्हे आणि इंग्रजी अक्षरे यांची रांगच दिसते. मी पाठवलेले पत्रही समोरच्याला तसेच दिसले. या सर्व्हरांवर मराठी चालत नाही, असे समजायचे का?

मुळीच तसे समजू नये. या प्रश्नाविषयी मला विशेष आस्था आहे, कारण अशा पहिल्याच अनुभवानंतर आपली माणसे रोमन लिपीत मराठी लिहू लागतात आणि पुढे तीच सवय होते.

ईमेलची मूळ रचना ७ बिटांच्या अक्षरसंचासाठी होती, आणि त्यात इंग्रजीपलीकडच्या लिप्यांना जागा नव्हती. १९९२ साली नॅथॅनियल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी माइम हे मानक मांडले, तेव्हापासून पत्रातील मजकूर कोणत्या अक्षरसंचात आहे आणि प्रवासासाठी तो कसा बांधला आहे हे पत्राच्या शीर्षभागात लिहिता येऊ लागले. त्याच वर्षी केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी जगातील सर्व लिप्यांची अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीची रचना केली. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो वा मात्रा, ३ बाइट घेते. प्रवासात ते क्वोटेड-प्रिंटेबल पद्धतीने बांधल्यास प्रत्येक बाइटसाठी बरोबरीचे एक चिन्ह आणि दोन अंक वा अक्षरे लागतात, म्हणजे एका ‘म’साठी ९ चिन्हे होतात. बेस-६४ पद्धतीने बांधल्यास तेच काम ४ चिन्हांत होते. आपल्याला दिसलेली बरोबरीच्या चिन्हांची रांग म्हणजे मराठीची नासाडी झालेली नाही. ते न सोडलेले गाठोडे आहे, आणि योग्य प्रोग्रॅममध्ये तेच पत्र उघडल्यास अक्षर न अक्षर नीट दिसेल.

म्हणून प्रथम जुनी ‘मेल’ आज्ञा बाजूला ठेवावी. तिच्या काही आवृत्त्या माइमच्या शीर्षओळी लिहीत नाहीत आणि वाचतही नाहीत, त्यामुळे पाठवलेले पत्रही समोरच्याला विस्कटलेले दिसते. अल्पाइन किंवा मट वापरावे. त्यानंतर सर्व्हरवर ‘लोकेल’ ही भाषा व अक्षरसंच यांची सेटिंग्ज दाखवणारी आज्ञा द्यावी. उत्तरात यूटीएफ-८ हा उल्लेख नसेल तर प्रश्नचिन्हांचे कारण तेच आहे. ‘लोकेल’पुढे वजाचे चिन्ह आणि ‘ए’ हे अक्षर दिल्यास उपलब्ध पर्यायांची यादी मिळते, आणि त्यातील यूटीएफ-८ असलेला पर्याय ‘लँग’ या चलात आपल्या शेलच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये कायमचा लिहून ठेवता येतो. चौकोन दिसत असतील तर मात्र दोष सर्व्हरचा नाही. आपल्या घरच्या संगणकावरील टर्मिनलला देवनागरी फाँट दिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हे सर्व नीट केले तरी वेलांट्या आणि जोडाक्षरे टर्मिनलमध्ये काही ठिकाणी सरकलेली दिसतील. टर्मिनल प्रत्येक अक्षराला समान रुंदीचा चौकट-भाग देते, आणि आपली जोडाक्षरे त्या मापात बसत नाहीत. तेच पत्र फोनवर नीट दिसत असेल तर निश्चिंत असावे. जुन्या छपाईच्या काळातील श्रीलिपी किंवा शिवाजी यांसारख्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर मात्र पत्रात तसाच चिकटवू नये. तो युनिकोड नसतो, आणि ज्याच्याकडे तो फाँट नाही त्याला त्यातून काहीच वाचता येत नाही. आधी तो युनिकोडमध्ये परिवर्तित करून घ्यावा.

वाळपई येथील एक वाचक : पावसाळ्यात आमच्याकडे वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो. अर्धे पत्र लिहून होते आणि संपर्क तुटतो. तसेच सर्व्हर बंद असताना कुणी मला पत्र पाठवले तर ते कायमचे हरवते का?

दुसरा प्रश्न आधी घेतो. पत्र लगेच हरवत नाही. पाठवणाऱ्याच्या सर्व्हरला आपला सर्व्हर सापडला नाही तर तो पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. २००८ मधील एसएमटीपीच्या नियमावलीत अशा प्रयत्नांत साधारणपणे किमान ३० मिनिटांचे अंतर ठेवावे आणि किमान ४ ते ५ दिवस नाद सोडू नये, असे सांगितले आहे. पोस्टफिक्स हा प्रचलित टपालसर्व्हर मूळ सेटिंगमध्ये ५ दिवस वाट पाहतो आणि त्यानंतर पाठवणाऱ्याला पत्र परत करतो. परत आलेल्या पत्रातील तीन अंकी सांकेतांकाकडे पाहावे. ४ ने सुरू होणारा अंक तात्पुरती अडचण दाखवतो, आणि ५ ने सुरू होणारा अंक म्हणजे कायमचा नकार असतो.

आपल्या बाजूच्या संपर्काविषयी सांगायचे तर, प्रवेश केल्याबरोबर संपर्क तुटला तरी काम चालू ठेवणारा ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ हा प्रोग्रॅम चालू करण्याची सवय लावून घ्यावी आणि पत्रलेखन त्याच्या आत करावे. वीज गेली तरी तुमचे अर्धे पत्र दूरच्या सर्व्हरवर जसेच्या तसे उघडे राहते, आणि पुन्हा प्रवेश करून ‘टीमक्स अटॅच’ म्हटले की त्याच शब्दापाशी पोहोचता येते. हे केले नसेल तरीही अल्पाइन बहुतेक वेळा तुटलेले पत्र जपून ठेवते आणि पुढच्या वेळी ते पूर्ण करायचे का, असे विचारते. सत्तरीसारख्या भागात नेटवर्क वारंवार जाते-येते, तेथे मॉश हा प्रोग्रॅम एसएसएचपेक्षा चांगला टिकाव धरतो, मात्र तो सर्व्हरवरही बसवलेला असावा लागतो. अशा पत्रव्यवहाराला डेटा फारच थोडा लागतो, त्यामुळे जेथे वेबपान उघडता उघडत नाही तेथेही पत्र वाचता येते, आणि आपल्या परिस्थितीत मला हा या पद्धतीचा मोठा गुण वाटतो.

वास्को येथील एक वाचक : इतके लोक एकाच यंत्रावर असताना माझी पत्रे दुसऱ्या कुणाला वाचता येतात का? व्यवस्थापकांना येतात का?

इतर सभासदांना सहसा वाचता येत नाहीत, व्यवस्थापकांना वाचता येतात. हे दोन्ही नीट समजून घेऊनच खाते वापरावे.

टपालाच्या फाइलवरील परवानग्या अशा असतात की खातेदाराखेरीज इतर सभासदांना ती उघडता येत नाही. परंतु वाचून झालेली, जतन केलेली पत्रे तुमच्या होम डिरेक्टरीत जातात, आणि काही सामुदायिक सर्व्हरांवर होम डिरेक्टरी इतरांना पाहण्यासाठी मुद्दाम खुली ठेवलेली असते, कारण परस्परांचे काम पाहून शिकणे हा तेथील जीवनाचा भाग आहे. म्हणून होम डिरेक्टरीतील ‘मेल’ नावाची डिरेक्टरी आणि ‘एमबॉक्स’ ही फाइल यांच्या परवानग्या ‘एलएस’ या आज्ञेपुढे वजाचे चिन्ह व ‘एल’ लिहून तपासाव्यात, आणि त्या सैल असतील तर ‘सीएचमॉड’ने फाइलसाठी ६०० आणि डिरेक्टरीसाठी ७०० कराव्यात. कोणत्याही आज्ञेच्या ओळीत पासवर्ड टंकू नये, कारण चालू असलेल्या आज्ञा पुष्कळ यंत्रांवर ‘पीएस’ने इतरांना दिसतात.

रूट, म्हणजे यंत्रावरील सर्वोच्च, अधिकार असलेल्या व्यवस्थापकाला कोणतीही फाइल उघडता येते, आणि हे युनिक्सच्या रचनेतच आहे. चांगला व्यवस्थापक ती उघडत नाही, एवढ्या विश्वासावर हा व्यवहार चालतो. दोन सर्व्हरांमधील प्रवास आज बहुतेक वेळा टीएलएस या सांकेतिकीकरणाने झाकलेला असतो, पण तो दोन टोकांवरील पेट्यांना झाकत नाही. वैद्यकीय किंवा न्यायालयीन स्वरूपाचा मजकूर असेल तर तो जीएनयूपीजी या सांकेतिकीकरणाच्या प्रोग्रॅमने बंद करून पाठवावा, आणि हे बंद करण्याचे काम स्वतःच्या घरच्या संगणकावर करावे. असे पत्र उघडणारी खासगी किल्ली सामायिक सर्व्हरवर ठेवली तर व्यवस्थापकापासून संरक्षण मिळवण्याचा हेतूच उरत नाही. एरवी अशा पत्राचाही विषय आणि दोघांचे पत्ते उघडेच राहतात, त्यामुळे विषयाच्या ओळीत काय लिहितो याचे भान असावे.

पणजी येथील एक वाचक : चतुर्थीचे फोटो अटॅचमेंट म्हणून पाठवले तर चालतील का?

एखाददुसरा लहान फोटो चालेल. अटॅचमेंट बेस-६४ मध्ये बांधल्यावर सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे १५ एमबीची फाइल २० एमबीची होते, आणि प्रत्येक सभासदाला मिळणारी जागा थोडी असते. संपूर्ण कुटुंबाचे फोटो अन्य मार्गाने पाठवावेत. सर्व्हरवरील आपल्या वेबपानावर ते ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण ते पान सर्व जगाला खुले असते.

केपे येथील एक वाचक : हा पत्ता मी माझा मुख्य पत्ता म्हणून सर्वत्र द्यावा का?

मित्रांना, समविचारी लोकांना आणि ज्यांच्याशी सावकाश पत्रव्यवहार करायचा आहे अशांना अवश्य द्यावा. बँक, आयकर, वीजखाते, मुलांची शाळा आणि इतर खात्यांचे पासवर्ड परत मिळवण्याची सोय यांसाठी मात्र देऊ नये. हे सर्व्हर स्वयंसेवकांच्या श्रमांवर आणि देणग्यांवर चालतात. यंत्र बिघडले तर ते पूर्ववत होण्यास काही दिवस लागू शकतात, दीर्घकाळ न वापरलेले खाते काही ठिकाणी काढून टाकले जाते, आणि एखादा सर्व्हर कायमचा बंदही होतो. आपल्या सर्व्हरच्या नियमांत खात्याची मुदत किती दिली आहे ते पाहून ठेवावे. महिन्यातून एकदा ‘एससीपी’ने टपालाच्या सर्व फाइल घरच्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. त्या एमबॉक्स स्वरूपात असतील तर पुढे सर्व्हर असो वा नसो, कोणत्याही साध्या मजकूर-संपादकात त्या उघडतात, आणि मराठी पत्रांची गाठोडी सोडवायची असतील तर मटला त्या फाइलचे नाव दिले म्हणजे तो ती पेटी म्हणून उघडून दाखवतो.